कोरडी गाळणी

निवृत्त झालेल्या मास्तराला घरांत फारसें काम नसतें. आणि काम नसलेला मनुष्य दुसऱ्यांचीं कामें सुधारूं लागतो. माझ्या हातून जी आगळीक घडली तिचें मूळ या सुधारण्याच्या हौसेंतच आहे.

आमचें एकत्र कुटुंब वाईस राहतें. धाकट्या बंधूंचा मुलगा एका पतपेढीच्या वसुलीसाठीं रोज मोटारसायकलवरून पाचवड-भुईंजकडील खेड्यांत हिंडतो. पोरगा गुणी, परंतु आपल्या वाहनाविषयीं अगदींच उदासीन, असा माझा समज. एका रविवारीं त्याची गाडी स्वच्छ करण्याचें मीं मनावर घेतलें. बाजूचें झाकण काढलें तों आंत काळा, तेलकट, बोटांस चिकटणारा स्पंज दिसला. मिस्त्रीलोक त्याला ‘एअर फिल्टर’ म्हणतात; आपण हवेची गाळणी म्हणूं. सोवळ्याओवळ्यांत वाढलेल्या माझ्या हातांना तेलकटपणा आणि घाण हीं एकच वाटतात. मीं ती गाळणी साबणानें खसाखसा धुतली, वाळविली, आणि अगदीं कोरडी झाल्यावर होती तेथें बसवून दिली. पुढें दर महिन्यास हा विधि मी नेमानें करूं लागलों.

आठ महिन्यांनीं गाडी निळसर धूर सोडूं लागली. चढावर तिला दम लागे, आणि इंजिनांतलें तेल वरचेवर कमी होई. “गाडी बेफाम हांकल्यावर दुसरें काय होणार?” असें मीं पुतण्याला चारचौघांत ऐकविलें. तो कांहीं बोलला नाहीं. मिस्त्रीकडे मीहि बरोबर गेलों. त्यानें इंजिन उघडलें. सिलिंडरच्या आंतल्या अंगास उभे ओरखडे पडले होते, आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. मग त्यानें गाळणी काढून चिमटींत दाबली व आपलीं बोटें पाहिलीं. तीं कोरडीं होतीं.

“हिला तेल नाहीं लावलें? कोणी धुतली ही?” त्यानें विचारलें.

मी जमिनीकडे पाहूं लागलों. पुतण्या म्हणाला, “माझीच चूक झाली.”

मला तेथल्या तेथें बोलतां आलें असतें. चाळीस वर्षें मुलांना ‘खरें बोलावें’ हा धडा शिकविला. पण मी बोललों नाहीं.

मिस्त्रीनें मग सारा प्रकार समजावून सांगितला. पेट्रोल नीट जळावयास वजनानें त्याच्या सुमारें १४.७ पट हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलास अदमासें ९,००० लिटर हवा इंजिन ओढून घेतें. आमच्या रस्त्यांवर त्या हवेबरोबर किती धूळ जात असेल याची वाचकांनींच कल्पना करावी. धुळींत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात, आणि ते पोलादावरहि ओरखडे काढतात. स्पंजाचीं छिद्रें तर या कणांहून पुष्कळ मोठीं. मग धूळ अडते कशी? स्पंजाच्या वांकड्यातिकड्या वाटांनीं हवा वळते, पण कण तितक्या चपळाईनें वळत नाहीं. तो भिंतीवर आपटतो आणि तेथल्या तेलास चिकटून राहतो. गाळण्याचें खरें काम तेलाचें. तेंच मीं धुवून टाकलें होतें!

पाठशाळेंत असतां मीं तर्कसंग्रह घोकला होता. त्यांतील २४ गुणांत ‘स्नेह’ हा एक आहे. सुटें चूर्ण एकत्र येऊन त्याचा गोळा होतो तो या गुणामुळें. अन्नंभट्टानें हा गुण पाण्याचा मानला आहे. परंतु संस्कृतांत स्नेह म्हणजे तेलहि आणि मायाहि. हा श्लेष मीं वर्गांत किती वेळां समजावून दिला असेल! त्याचा अर्थ मला कळला तो मिस्त्रीच्या दुकानांत.

ज्यांच्या घरीं अशी गाडी आहे त्यांच्यासाठीं चार शब्द लिहितों. स्पंजाची गाळणी सौम्य साबणाच्या कोमट पाण्यांत धुवावी. पेट्रोल वापरूं नये. त्यानें आगीचें भय असतें, व चिकटविलेले सांधेहि सुटतात. ती दोन तळहातांत दाबावी. कपड्यासारखी पिळूं नये, नाहींतर फाटते. सावलींत पुरती वाळल्यावर गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें तेल तिच्यांत सर्वत्र मुरवावें, आणि दाबून जादा तेल काढून टाकावें. रंग सगळीकडे सारखा दिसावा, पण थेंब गळूं नये. तेल फार झालें तर हवा कोंडते. कापडी जाळीच्या गाळण्याहि मिळतात. त्या आंतल्या बाजूनें बाहेर, पाण्याच्या हलक्या धारेखालीं धुवाव्या, आणि वाळल्यावर प्रत्येक घडीवर थोडें तेल द्यावें. कागदी गाळणी मात्र धुवूं नये, ती बदलावी.

त्या रात्रीं पंगत बसली असतां माझ्या घशाखालीं घांस उतरेना. शेवटीं सर्वांसमक्ष सांगितलें, “गाडी मीं बिघडविली. दुरुस्तीचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनांतून होईल. आणि याला मीं जें बोललों तें मागें घेतों.”

पुतण्या ताटाकडे पाहत म्हणाला, “काका, तुम्ही धुतां हें मला माहीत होतें. पण तेल लागतें हें मला तरी कोठें ठाऊक होतें? मग चूक एकट्या तुमची कशी?”

आतां महिन्याच्या पहिल्या रविवारीं आम्ही दोघे अंगणांत बसतों. मी गाळणी धुतों. ती वाळली म्हणजे तो तेल लावतो. दाबून पाहण्याचें काम माझ्याकडे आहे. बोटें तेलकट होतात, आणि पूर्वीसारखा मी तीं धुण्यासाठीं लगबगीनें मोरीकडे धांवत नाहीं.