पाण्याची वेळ

आमच्या सारसोळे गावच्या कोळ्यांना भरती पंचांगावरून कळते. तिथीची पाऊणपट केली की तास निघतो: अष्टमीला सहाच्या सुमाराला, पुनवेला सव्वाअकराच्या. आजोबांनी हे गणित मला पाढ्यांबरोबरच शिकवलं. अष्टमीचं पाणी भांगाचं, बेताचं. पुनवेचं उधाणाचं, खारफुटीच्या बुंध्यांवर चढणारं. होडी कधी सोडायची हे त्यावर ठरायचं. मी जलरंग शिकलो, तोही याच पाण्यावर.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा झाल्या. स्थिरचित्र, स्मरणचित्र हाताखालून गेलं. निसर्गचित्रासाठी मात्र मी पाम बीच रस्ता ओलांडून जेट्टीवर जाऊन बसू लागलो. सुकती लागली की चिखल उघडा पडतो. आधी तो लखलखतो, मग चमक उतरते, मग त्यावर निवट्या उड्या मारू लागतात. ओला कागदही तसाच सुकतो. चमक असताना रंग सोडला की तो पसरतो, त्याचं आभाळ होतं. चमक नुकती उतरली की कांदळवनाची मऊ कड मिळते. कोरड्या कागदावर डोलकाठी एका फटकाऱ्यात उभी राहते. पाण्यावरचा उजेड रंगवायचा नसतो, तेवढा कागद पांढरा राखायचा असतो. मे महिन्यात या पायऱ्या भराभर सरतात. श्रावणात कागद वाळता वाळत नाही.

पुढे हार्बरच्या लोकलने जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जाऊ लागलो. यथादर्शन, छायाभेद, रचना हे सगळं तिथे शिस्तीने मिळालं. तिथेच आबालाल रहिमान यांची ओळख झाली. जे. जे.त शिकून ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले आणि १९३१ मध्ये वारले. तिथल्या कोटितीर्थ तळ्याचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. एक तळं माणसाला जन्मभर पुरतं, हे त्यांच्याकडे पाहून पटलं आणि माझ्या खाडीकडे मी निर्धास्त परतलो.

आता माझ्याकडे मुलं येतात. त्यांना डोंगर, किल्ले, देवळं रंगवायची घाई असते. मी त्यांना वर्षभर एकाच जागी बसवतो. एका जागेचा ओलावा ज्याला कळला, त्याला कुठल्याही गावी कागद कधी तयार झाला हे सांगावं लागत नाही.