मधली पट्टी

कर्जत म्हटले, की मुंबईकराला आठवतो तो बटाटेवडा. पुण्याकडची गाडी इथे थांबते, घाट चढण्यासाठी बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिने लागतात, आणि तेवढ्या अवधीत वड्याचा पुडा खिडकीतून आत येतो. 1863 साली बोरघाटातून रेल्वे वर गेली, तेव्हापासून घाटाच्या पायथ्याशी दम घेण्याचे हे ठिकाण. आम्ही मात्र लहानपणापासून इथे उतरत आलो ते आजोळी जाण्यासाठी. कर्जतहून खोपोलीला एक फाटा जातो: पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि मग खोपोली. सारा प्रवास जेमतेम 15 किलोमीटरांचा. खोपोलीला 1915 पासून टाटांचे वीजघर आहे. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी डोंगरावरून नळांतून खाली येते, वीज देते आणि पुढे पाताळगंगेला मिळते. लहानपणी मामा ते लांबलचक नळ दाखवून म्हणायचे, “बघा, आपल्याकडे पाणीसुद्धा कामाला जातं!”

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी त्या फाट्याच्या गाडीत बसले, तेव्हा मांडीवर एक पिशवी होती. पिशवीत होते आईच्या साड्यांचे कापलेले 23 चौकोन, आणि वर्तमानपत्रात वेगळा गुंडाळलेला एक तुकडा.

आईला जाऊन दोन वर्षे झाली होती. तिच्या ट्रंकेतल्या साड्या ताईने आणि मी वाटून घेतल्या. मला त्यांची गोधडी हवी होती. ताईला ते मुळीच पसंत नव्हते. “कापलेलं परत जोडता येत नाही,” एवढेच ती म्हणाली, आणि त्यानंतर आमचे बोलणे सणावारापुरते उरले. तरी पुढे एक दिवस तिच्याकडून पाकीट आले. आईची रोजच्या नेसणीतली विटकी साडी मुळात फाटलेलीच होती, तिचा धड राहिलेला भाग तिने पाठवला होता. काठासकट साडेदहा इंच लांब, साडेदहा इंच रुंद. सोबत चिठ्ठी: ‘याला आणखी कात्री लावू नकोस.’

इथेच माझे गाडे अडले. माझे चौकोन साडेबारा इंचांचे होते, तेही माझ्या मापाने. म्हणजे कुठे पाव इंच कमी, कुठे पाव इंच जास्त. एकमेकांना थेट जोडायला घेतले, तर कोपरे जुळेनात, मध्ये चुण्या पडू लागल्या. आता दोनच वाटा दिसत होत्या. आईच्या सगळ्या साड्या आणखी कापून ताईच्या तुकड्याएवढ्या करायच्या, नाहीतर ताईचा तुकडा बाहेर ठेवायचा. दोन्हीकडून मन आत घेईना. म्हणून मामीकडे निघाले. मामींच्या हातची गोधडी आमच्या सबंध गोतावळ्यात घरोघरी आहे.

मामींनी ओटीवर सतरंजी घातली, चौकोन मांडले आणि वीत लावून पाहिले. म्हणाल्या, “तू गं शिकलेली, आणि एकाला एक खेटवत बसलीस? मधी पट्टी घाल की!”

“पट्टीत कापड वाया नाही का जाणार, मामी?”

त्या हसल्या आणि मला घरामागच्या शेतावर घेऊन गेल्या. भात पिकत आले होते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या जाती त्यांच्या खाचरांत आहेत, आणि ‘कर्जत तीन’, ‘कर्जत सात’ ही नावे मामी घरातल्या मुलांची घ्यावीत तशी घेतात. डोंगराकडून ओढ्याकडे जमीन उतरत गेलेली. एक खाचर रुंद, एक निमुळते, एक अगदी चटईएवढे. पण प्रत्येकाच्या भोवती हिरवा बांध.

“ह्यो बांध काढला तर काय होईल?” मामींनी विचारले. “वरचं पाणी सगळं खाली जाईल. वरचं भात वाळंल, खालचं कुजंल. बांध हाय म्हणून ज्याचं पाणी त्याला. बांध कोरून शेत वाढत नाय पोरी, भांडण वाढतं.”

पलीकडे एका उतारावर खाचरे उरलीच नव्हती. शेतघरांसाठी जमीन सपाट करून भोवती भिंत उभी केली होती. मामी तिकडे पाहून काही बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी शिवणाचे यंत्र पुढे ओढले.

मग दोन दिवस मी जे शिकले, ते वाचकभगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. पट्टीसाठी आम्ही गडद निळे सुती कापड घेतले. सगळ्या साड्या रंगीबेरंगी, तेव्हा पट्टी एकरंगी असली म्हणजे डोळ्याला विसावा मिळतो. कापड आधी भिजवून वाळवून घेतले. नाहीतर पहिल्याच धुण्यात पट्टी आटते आणि चौकोन फुगतात. पट्ट्या कापडाच्या लांबीच्या दिशेने फाडल्या, कारण आडवे कापड अधिक ताणते. अडीच इंचांची पट्टी दोन्हीकडे पाव पाव इंच शिवणीत गेली, की दोन इंच दिसते.

ताईच्या तुकड्याला आधी चारही अंगांनी दीड इंचाची पट्टी लावली. ती शिवून इंचभर उरली, आणि साडेदहाचा तुकडा कात्री न लावता साडेबाराचा झाला. बाकीच्या चौकोनांतला पाव इंचाचा फरक पट्टीने सांभाळला. मामींचा नियम एकच: पट्टी आधी नेमक्या मापाने कापायची, लावून मग छाटायची नाही. चौकोनाची दोन टोके आणि मधला भाग पट्टीला टाचण्यांनी टाचायचा, जे कापड जास्त असेल ते यंत्राखाली खालच्या बाजूला ठेवायचे; मग यंत्राचे दातेच ते जास्तीचे हळूहळू सामावून घेतात. “मापाला पट्टी धरायची, तुकड्याला नाय,” मामी म्हणाल्या.

एका ओळीत चार चौकोन आणि पाच आखूड पट्ट्या, अशा सहा ओळी. ओळींच्या मध्ये आणि वरखाली मिळून सात लांब पट्ट्या. लांब पट्टीवर आखूड पट्ट्यांच्या जागा खडूने आधीच खुणावल्या, म्हणून वरच्या आणि खालच्या ओळींतल्या उभ्या पट्ट्या नेमक्या समोरासमोर आल्या. नुसते चौकोन जोडते, तर 48 इंच रुंद आणि 72 इंच लांब असे झाले असते. पट्ट्यांमुळे ते 58 आणि 86 झाले. ज्या कापडाला मी वाया म्हणत होते, त्यानेच गोधडी अंगभर केली!

आत जुन्या लुगड्यांचे थर घालून कडेपासून आत असा धावदोरा मामींनी आणि शेजारच्या दोघींनी घातला. देशावर हिला वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी. तिकडे अमेरिकेतल्या बायका चौकोनांमधल्या पट्टीला ‘सॅशिंग’ म्हणतात आणि तिच्या रुंदीवर तासन् तास चर्चा करतात. मामींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “तिकडंबी बांध घालत्यात म्हण की.”

दिवाळीत ताई आली. गोधडी मी मुद्दामच पलंगावर पसरून ठेवली होती. तिने आपला तुकडा लगेच ओळखला. काठावरून बोट फिरवले, भोवतालची निळी चौकट पाहिली, वीत लावून मोजले.

“कापला नाहीस,” ती म्हणाली.

“नाही. मामींनी पट्टी घालायला लावली.”

ती काही बोलली नाही. रात्री थंडी नसतानाही तिने गोधडी मागून घेतली. सकाळी मी चहा घेऊन गेले, तेव्हा ती घडी घालत होती. घडी घालता घालता म्हणाली, “त्या जांभळ्या साडीला कसर लागली आहे गं. माझ्याकडेच पडून आहे. मामींकडे परत केव्हा जाणार आहेस?”

“तू येशील?”

“केळवलीला अजून ते चालावंच लागतं ना?” ताईने विचारले, आणि चहाचा कप हातात घेतला.