उंबरठ्याच्या आतला जीव

हिंगणघाट, पुलगाव, आर्वी वा देवळी येथील बाजारपेठेत सकाळच्या प्रहरी दुकाने उघडत असता, मागील घरांच्या ओट्यावर एक लहानसा कुत्रा पुष्कळदा दृष्टीस पडतो. वजन सात-आठ किलो, अंगावर पांढरे-तांबूस केस, पाठीवर वळलेली शेपूट, एक कान ताठ तर दुसरा अर्धा मुडपलेला. घरची मंडळी त्याला कौतुकाने ‘पॉमेरेनियन’ म्हणतात. आपल्याकडे या नावाने ओळखला जाणारा कुत्रा बहुधा भारतीय स्पिट्झ असतो आणि ओट्यावरचा हा जीव त्या स्पिट्झचा व गावठी कुत्र्याचा संकर असतो. त्याची वंशावळ कोठे नोंदलेली नाही आणि बाजारात त्याला मोलही नाही.

तथापि गुणांत तो उणा नाही. त्याचे मुस्कट पगसारखे चपटे नसल्याने श्वास मोकळा चालतो, आणि ज्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो तेथे ही गोष्ट लहान नव्हे. कान तिखट, स्वभाव सावध. रोजचा हमाल आणि मुनीमजी तो पावलांवरून ओळखतो. अनोळखी माणूस फाटकाशी येताच सारे घर जागे करतो. घरातील एखाद्याच व्यक्तीवर त्याचा विशेष जीव जडतो. चांगली निगा राहिली तर असे कुत्रे बारा ते पंधरा वर्षे जगते. शाळकरी मुलाच्या हट्टाने आणलेले पिल्लू तो मुलगा गादीवर बसू लागेपर्यंत घरात असणार, हे आणतानाच ध्यानी घ्यावयास हवे.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत सर्वांनी शिकलेले असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आश्रित प्राण्याचा सांभाळ कसा करू नये, याची इतकी नेमकी यादी दुसरीकडे क्वचितच सापडेल. दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवणे हा बंध. दटावताना काठी उगारणे हा वधाचा मार्ग. शोभेसाठी कान वा शेपूट कापणे हा छेद. अतिभार केवळ बैलाच्या पाठीवरच असतो असे नाही. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा शरीर निववण्याचा मुख्य उपाय. त्याला भर दुपारी तापल्या डांबरावर चालवणे हा भारच होय. फिरणे सूर्योदयापूर्वी अथवा रात्री रस्ता निवल्यावर असावे, आणि रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून चटका तपासावा. उन्हाळ्यात केस अगदी मुळापासून कापू नयेत. ते उन्हापासून त्वचेचे रक्षण करतात.

अन्नपानाचा विचार जैन घरात अधिक बारकाईने करावा लागतो. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी असतात. त्या बाबतीत आपले स्वयंपाकघर त्याला आपोआपच सुरक्षित आहे. परंतु मनुका, बेदाणे आणि चॉकलेटही घातक असतात, आणि सणासुदीला पाहुण्यांच्या ताटातील शिरा वा लाडू प्रेमापोटी त्याच्यापुढे टाकला जातो. शाकाहारावर कुत्रे जगू शकते, मात्र नुसत्या दूध-पोळीवर नव्हे. प्रथिने, कॅल्शियम, ब-12 यांसारखे घटक मोजून मिळावे लागतात. म्हणून आहार पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावा. सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी देण्यास हरकत नाही. चौविहाराचे पच्चक्खाण मात्र घरच्या माणसांचे असते, कुत्र्याचे नव्हे. त्याचे पाण्याचे भांडे रात्रभर भरलेले असावे.

खरा पेच गोचिडांचा. हिंगणघाटच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी यावरून बरेच दिवस वाद चालला. नातू म्हणे, औषध लावू. आजी म्हणत, एका जीवासाठी शेकडो जीव मारायचे, हा कसला न्याय? पावसाळ्यात कुत्र्याने अन्न टाकले, ताप चढला, नाकातून रक्त आले. रक्त तपासले तेव्हा गोचीडताप निघाला. महिनाभर औषध चालले आणि तो वाचला. त्यानंतर आजींनीच निर्णय दिला. “धान्यात किडे पडल्यावर विचार करत बसण्यापेक्षा ते आधीच निवडून वाळवतो ना आपण? मग इथेही तेच करू. आणलं आपण, तर त्याच्या दुखण्याचा हिशेब आपल्याच वहीत लागणार.” तेव्हापासून त्या घरात भिंतींच्या भेगा बुजवलेल्या असतात, कारण गोचीड तेथेच अंडी घालते, अंथरूण उन्हात टाकले जाते, रोज सकाळी केस विंचरले जातात, आणि पशुवैद्यकाने सांगितलेला प्रतिबंधक उपाय वेळेवर होतो. आजींना त्यातील हिंसेची टोचणी आजही आहे. ती असावीही, पण टोचणीच्या नावाखाली कर्तव्य टाळले गेले नाही.

रेबीजची लस, जंतांचे औषध आणि नसबंदी यांविषयीही हेच म्हणावे लागेल. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो आजार जवळजवळ नेहमीच प्राण घेतो, म्हणून लस चुकवणे म्हणजे कुत्रा आणि घरातील बालके या दोघांनाही संकटात लोटणे होय.

1926 साली अहमदाबादेतील एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारवली, तेव्हा मोठा वाद उसळला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून त्या कृत्यास अपरिहार्य मानले आणि अनेक जीवदयाप्रेमी त्यांच्यावर रुष्ट झाले. तो निष्कर्ष जैन मनाला आजही पटणार नाही. परंतु त्याच लेखमालेत त्यांनी विचारलेला प्रश्न टाळता येत नाही: रस्त्यावरील कुत्र्याला तुकडा टाकायचा आणि त्याच्या दुखण्याची वा पिल्लांची जबाबदारी कोणीच घ्यायची नाही, याला दया कसे म्हणावे? दहा वर्षांनी, 1936 मध्ये, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. त्याच वर्ध्याजवळ, पिपरी मेघे येथे, पीपल फॉर ॲनिमल्सचा करुणाश्रम आज जखमी व निराधार प्राण्यांना आसरा देतो.

पांजरपोळाला देणगी देण्यात आपला समाज कधी मागे राहिला नाही. परंतु देणगी एकदा देऊन होते. आश्रित जीव मात्र पंधरा वर्षे रोज सकाळी भांड्याशी येऊन बसतो. म्हातारपणी त्याचे डोळे अंधुक होतील, अंथरूण ओले होईल, ओट्याच्या पायऱ्या चढवणार नाहीत. त्या दिवसांत त्याला उचलून घेणारे हात घरात आहेत काय, हे विचारूनच पिल्लाला उंबरठ्याच्या आत घ्यावे.