बिनखांबाच्या गाडीचा पट्टा

कन्व्हर्टिबल म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? लाल गाडी, समुद्रकिनारा, गॉगल, वाऱ्यावर उडणारे केस... आमच्या शाहूवाडी तालुक्यात कन्व्हर्टिबल म्हणजे जीप! छप्पर कापडाचं, दारं नाहीत, समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. आणि केसांचं म्हणाल तर मलकापूर ते आंबा एवढ्या अंतरात त्यांत निम्मी धूळ आणि निम्मं धुकं भरलेलं असतं.

माझ्या काकांकडे अशी एक जीप आहे. १९७२ ची महिंद्रा सीजे३बी, तीच ती उंच बॉनेटवाली. हे मॉडेल मूळ अमेरिकन विलीजचं. तिकडे ते १९६८ मध्ये बंद झालं, पण आपल्याकडे महिंद्रा त्यानंतरही वर्षानुवर्षं बनवत राहिली. काकांची जीप शोभेची नाही. रोज शेतावर जाते, डेअरीत दूध पोचवते, आणि गेल्या वर्षापासून काकांच्या सहा वर्षांच्या नातीला शाळेतही सोडते. नात पुढच्या सीटवर, कधी कुणाच्या मांडीवर, डॅशबोर्डला धरून. सीटबेल्टचा प्रश्नच नाही, कारण तो गाडीत कधी नव्हताच.

तर मंडळी, आजचा विषय हाच. पन्नास वर्षं जुन्या उघड्या गाडीला आजच्यासारखा खांद्यावरून येणारा पट्टा बसवता येतो का? आणि बसवला तर नक्की काय काय बदलावं लागतं?

काकांचे तीन मुद्दे होते, आणि तिन्ही ऐकण्यासारखे होते.

पहिला मुद्दा कायद्याचा. "माझ्या गाडीला पट्टा लागतच न्हाई. आरटीओला इचार." यात काका बरोबर आहेत. भारतात पुढच्या सीटना बेल्ट देणं गाडी बनवणाऱ्यांवर बंधनकारक झालं ते १९९४ पासून. बेल्ट लावण्याचा नियम आहे तो ज्या गाड्यांना बेल्ट दिलेला आहे त्यांच्यासाठी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेल्ट न लावल्यास हजार रुपये दंड आहे, पण १९७२ च्या जीपला तो लागू व्हायचं कारण नाही. पण कायद्यातून सूट मिळते म्हणून फिजिक्समधूनही मिळते असं नाही ना!

दुसरा मुद्दा वेगाचा. "म्या कुठं पळवतोय? चाळीसच्या वर काटा जात न्हाई."

तिसरा सगळ्यात जोरकस. "घाटात पलटी झाली तर उडी तरी मारता ईल. बांधून घातल्यावर माणूस मरंल की रं!"

आधी दुसरा मुद्दा घेऊ, कारण तो पाटीवर गणित करून सुटतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. उंचावरून पडताना एवढा वेग यायला माणूस साधारण सव्वासहा मीटर खाली यावा लागतो, म्हणजे दोन मजली घराची गच्ची. आता समोरून येणाऱ्या ट्रकवर किंवा घाटातल्या कठड्यावर आपटल्यावर आपण किती अंतरात थांबतो? आजच्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळेल असं बनवलेलं असतं, त्यामुळे थांबायला थोडं अंतर मिळतं. जीपचं नाक म्हणजे दोन लोखंडी चॅनेल आणि पुढे बंपर. समजा, एकूण ३० सेंटिमीटरमध्ये थांबलो. सव्वासहा मीटर भागिले ३० सेंटिमीटर, उत्तर येतं २१ च्या आसपास. म्हणजे त्या क्षणी प्रत्येक गोष्ट आपल्या वजनाच्या सरासरी एकवीसपट जोरानं पुढे जाऊ पाहते. ७० किलोचे काका होतात जवळपास दीड टनाचे. अख्ख्या जीपचं वजन टनाच्या आसपास आहे! आणि २० किलोची नात होते चारशे किलोची. चारशे किलो मांडीवर धरून ठेवणारा पैलवान कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीत मिळणार नाही.

हे सगळं मी कागदावर लिहून दाखवलं. काकांनी कागद बघितला, घडी केली, खिशात ठेवला. विषय संपला :-)

त्यांना खरं पटलं ते काकूच्या एका वाक्यानं. जीपमध्ये मागे दुधाच्या कॅन असतात आणि घाटवळणात त्या आडव्या होऊ नयेत म्हणून काका त्यांना दोरीनं आवळून बांधतात. काकू म्हणाली, "कॅनला दावं बांधताय, आन् पोरगी तेवढी मोकळी व्हय?" माझ्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगपेक्षा हे जास्त अचूक होतं. असो.

आता पट्टा म्हणजे काय ते थोडक्यात. आपण लावतो तो तीन टोकांचा पट्टा व्होल्व्होच्या नील्स बोलिन या इंजिनिअरनं बनवला, आणि १९५९ मध्ये तो गाड्यांत आला. बोलिन आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत होता. व्होल्व्होनं ते पेटंट इतर कंपन्यांनाही वापरू दिलं. त्या पट्ट्याची युक्ती अशी की, एक भाग ओटीपोटाच्या खाली कंबरेच्या हाडावर बसतो आणि दुसरा खांद्यावरून छातीवर तिरका येतो. जोर हाडांवर पडतो, पोटावर नाही.

म्हणूनच नुसता कमरेचा पट्टा हा अर्धवट उपाय आहे. कंबर बांधलेली आणि वरचं धड मोकळं, म्हणजे माणूस चाकूसारखा दुमडतो. पोटातले अवयव आणि कंबरेचे मणके यांना अशानं होणाऱ्या इजा डॉक्टरांना चांगल्या माहीत आहेत. शिवाय जीपमध्ये समोर सरळसोट स्टिअरिंगचा दांडा असतो. आजच्या गाडीत तो आपटल्यावर आत दबतो. जीपचा दबत नाही. म्हणजे खांद्याचा पट्टा हवाच.

आणि इथे खरी गंमत सुरू होते. खांद्याचा पट्टा कशाला अडकवणार? तुमच्या गाडीत तो पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधल्या खांबाला अडकवलेला असतो. उघड्या गाडीला तो खांबच नसतो! जगभरातल्या जुन्या कन्व्हर्टिबलवाल्यांचं दुखणं हेच आहे. मर्सिडीजनं १९८९ च्या एसएल मॉडेलमध्ये यावर उपाय काढला. अख्खा पट्टा सीटमध्येच बसवला, आणि गाडी उलटू लागली की आपोआप वर येणारा रोल बार मागे दिला. पण त्यासाठी सीट आणि तिच्याखालचा फ्लोअर तेवढे मजबूत बनवावे लागतात. जीपची सीट म्हणजे पाईपच्या सांगाड्यावर ठेवलेली गादी. ती स्वतःच उखडून पुढे येईल.

मग बरेच जण करतात ते सोपं काम. सीटच्या मागे फ्लोअरला भोक पाडायचं, पट्टा तिथे बोल्ट करायचा आणि सीटवरून खांद्यावर घ्यायचा. दिसायला अगदी झकास! कोल्हापुरातल्या एका दुकानात आम्हाला हेच सुचवलं गेलं, तासाभरात करून देतो म्हणाले. यात धोका काय ते बघा. पट्टा खांद्यावरून मागे न जाता खाली जातो. आपटल्यावर माणूस पुढे जातो, पट्टा ताणला जातो आणि खांद्याला खाली दाबतो. म्हणजे सगळा जोर मणक्यावर, उभा. वरचं टोक खांद्याच्या उंचीला किंवा थोडं वर हवं, खाली नको. जीपच्या सीटची पाठ तर खांद्यापर्यंतही येत नाही.

दुसरी गोष्ट पत्र्याची. गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यांना एकाच वेळी, प्रत्येकी साधारण १३५० किलो वजनाइतका ओढा देतात आणि अडकवलेली टोकं सुटत नाहीत ना ते पाहतात. पन्नास पावसाळे खाल्लेल्या फ्लोअरच्या पत्र्याला नुसता वॉशर लावून बोल्ट आवळला, तर तो पत्रा फाडून बटणासारखा बाहेर येईल. आणि पावसाळे म्हणजे शाहूवाडीचे बरं का, पुण्याचे नव्हेत!

म्हणजे रोल बार आला. आणि इथेच काकांच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तरही मिळालं. उघडी जीप उलटताना उडी मारायला वेळ मिळत नाही. माणूस बाहेर फेकला जातो आणि बऱ्याचदा गाडी त्याच्याच अंगावर येते. पण काकांच्या म्हणण्यात अर्धं तथ्य होतं. वर काहीच नसलेल्या गाडीत माणसाला नुसतं बांधून ठेवलं आणि गाडी उलटली, तर ते चांगलं नाहीच. उलट नुसता रोल बार लावला आणि पट्टा नसला, तर तोच पाईप डोक्यावर आदळतो. म्हणून उघड्या गाडीत पट्टा आणि बार ही जोडी आहे. एकाशिवाय दुसरं बसवणं म्हणजे निम्मं काम, आणि इथे निम्मं काम शून्यापेक्षा वाईट ठरू शकतं.

काम शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात झालं. तिथले मिस्त्री डिग्री न विचारता पाईपचा गेज विचारतात, त्यामुळे मजा आली. मोटार रॅलीच्या नियमांत मुख्य बारसाठी ४५ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा सीमलेस पाईप सांगितला आहे. तोच घेतला. बारच्या पायांखाली तीन मिलिमीटरच्या प्लेटा, फ्लोअरच्या वर आणि खालून, सँडविचसारख्या. पट्टा बारला पुढे ओढणार, म्हणून मागे दोन तिरके आधार. खांद्याच्या उंचीला एक आडवा पाईप, त्यावर पट्ट्याची वरची कडी. डोकं लागेल तिथे पॅडिंग. सीट बदलून उंच पाठीच्या, हेडरेस्टवाल्या घेतल्या. बोल्ट सात-सोळांश इंची, इंचाला २० आटे असलेले. सीटबेल्टसाठी जगभर हेच माप चालतं. बेल्ट नवे घेतले. भंगारातला बेल्ट कितीही चांगला दिसला तरी घेऊ नका. अपघातात एकदा ताणला गेलेला पट्टा पुन्हा तसा राहत नाही, आणि ते डोळ्यांना दिसेलच असं नाही.

एक गोष्ट मिस्त्रींनी सुरुवातीलाच केली. या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ड्रिल आणि वेल्डिंगचं नाव काढण्याआधी टाकी काढून लांब नेऊन ठेवली. "आधी ही भाईर, मग बाकीचं," एवढंच बोलले.

कागदपत्रांचंही बघावं लागतं. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आली आहे. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस किंवा बॉडीत मोठा बदल चालत नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेंसाठीच. काकांना त्या नंबरप्लेटचा मोह होता. पण त्यांनीच विचार केला आणि म्हणाले, "शोकेसात ठेवायला न्हाई घेतली." तो विषय तिथेच मिटला. व्हिंटेज नको असली तरी गाडीत बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असतंच. त्यामुळे बार बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. आम्ही तेच केलं.

आता मागच्या सीटा. जीपच्या मागे समोरासमोर दोन आडवी बाकडी असतात, माणसं बाजूला तोंड करून बसतात. हा पट्टा समोर तोंड करून बसणाऱ्यासाठी आहे. बाजूला तोंड करून बसलेल्याला तो आपटताना मानेशी घासतो. त्यामुळे मागे पट्टा बसवलाच नाही. त्याऐवजी नियम केला: हायवेला मागे माणूस बसणार नाही, फक्त कॅन. मागच्या सीटचं काय एवढं, असं वाटत असेल तर ४ सप्टेंबर २०२२ आठवा. पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. आधुनिक, महागडी गाडी होती, पण ते मागच्या सीटवर बेल्टशिवाय होते.

नात पुढेच बसते, पण बूस्टर सीटवर. मोठ्यांचा पट्टा लहान मुलाच्या खांद्याऐवजी गळ्यावर येतो, म्हणून उंची वाढवावी लागते. मांडीवर बसणं बंद. यावर तिनं दोन दिवस रुसवा धरला, मग बूस्टरमुळे खिडकीबाहेरचं जास्त दिसतं हे लक्षात आलं. (जीपला खिडकी नसते, पण तिला कोण सांगणार?)

तोटे झाले का? झाले. हूड बसवायच्या कमानी बदलाव्या लागल्या, आणि बाजूनं बघितलं तर जीपची जुनी रेषा मोडली आहे. काका अजूनही पाहुण्यांना म्हणतात, "आधी लई देखणी हुती." खरंच होती. शिवाय बेल्टच्या रिळात एक छोटी गोळी असते, गाडी जास्त कलली की ती सरकते आणि पट्टा अडकतो. म्हणून रीळ ठरलेल्या कोनातच बसवावं लागतं. तसं बसवूनही बर्कीकडच्या कच्च्या रस्त्याला पट्टा मधेच अडकतो आणि काका त्याला शिव्या घालतात. तो अडकतो याचा अर्थ तो जागा आहे, असं मी फोनवरून सांगतो. फोन कट होतो.

तुमच्या घरीही अशी एखादी जुनी उघडी गाडी असेल, तर शेवटची दोन कामं लक्षात ठेवा. उघड्या गाडीत पट्टा ऊन, पाऊस, चिखल सगळं झेलतो. साध्या साबणाच्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, कडेचे धागे सुटले की सरळ बदला. आणि दर पावसाळ्यानंतर गाडीखाली झोपून त्या तीन मिलिमीटरच्या प्लेटा आणि बोल्ट बघा. गंज तिथूनच सुरू होतो. पट्टा वरून कितीही नवा दिसला तरी त्याची ताकद ठरते ती खालच्या पत्र्यावर.