हे नाव आधीच घेतलेलं आहे

माझं लिखाण अजून वहीतच. पण दिवाळीला पुण्याहून आलेल्या लेकीनं तिचा जुना लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. त्यात तिनं डेबियन नावाचं लिनक्स घातलं होतं.

"आई, तुझं खातं उघडूया. नाव सांग."

"एलपी घाल," मी म्हटलं. माहेरची माझी आद्याक्षरं. निपाणीच्या कॉलेजात असताना प्रत्येक वहीवर मी तेवढंच लिहायची.

तिनं टाइप केलं आणि पडद्यावर उत्तर आलं, हे नाव आधीच घेतलेलं आहे.

घरात माणसं चार. मी म्हटलं, माझ्याआधी कोण आलं हे एलपी? लेक हसली आणि तिनं एक यादी उघडली. या यंत्रात कोण कोण नांदतं, त्याची. पहिला रूट, क्रमांक ०. तो घरचा कारभारी, सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला. मग डेमन, बिन, गेम्स, मॅन. आणि क्रमांक ७ वर एलपी.

"लाइन प्रिंटर गं! छपाईचं काम बघणारं खातं. माणूस नाहीच तो."

खाली टपालासाठी मेल, वेबची पानं वाढायला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. एकाचं नाव तर चक्क नोबडी, क्रमांक ६५५३४. कुणीच नाही! सगळी नावं लहान अक्षरांत, आखूड आणि बहुतेक कामावरून ठेवलेली. बहुतेकांपुढं लिहिलेलं होतं, नोलॉगिन. म्हणजे काम करायचं, पण आत येऊन बसायचं नाही.

"एवढी वेगवेगळी कशाला? रूटच करील की सगळं."

"मग चोर शिरला तर सगळं घर त्याचं. प्रिंटरच्या खात्यात शिरला तर प्रिंटरच्या खोलीपुरताच."

हे पटलं. कोठीची किल्ली आम्ही तरी सगळ्यांना कुठं देतो?

मग तिनं आणखी एक गंमत सांगितली. जुन्या काळी या सेवकांनी साधे साधे शब्द नावं म्हणून घेऊन टाकले, आणि माझ्यासारखं कुणी आलं की अडायला लागलं. म्हणून पुढं एक रीत पडली. सेवकाच्या नावाआधी खालच्या अंगाला एक रेघ ओढायची, अंडरस्कोर. ओपनबीएसडीत तसं करतात, अ‍ॅपलच्या मॅकमध्येही. तिथं छपाईवाला '_एलपी' असतो. डेबियनचाही आता नियम आहे, नव्या सेवकाचं नाव रेघेनं सुरू करावं. माणसांचे क्रमांकही वेगळे, १००० पासून पुढं.

"म्हणजे माणसांची नावं मोकळी राहावीत म्हणून?"

"होय की."

मी गप्प झाले. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा जुनं कुठं ठेवायचं हे कुणी विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नाही. ते नवं नावसुद्धा पत्रिकेपुरतं राहिलं. मी थोरली सून झाले, वहिनी झाले, काकू झाले. 'आई' मला आवडतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एलपी म्हणून हाक मारली तर मागं खरंच कुणी नसतं. माझ्या मागं मी होते की!

"मग काय घालू, आई?"

"लीला."

तिनं मान वर करून बघितलं. हे नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं. यंत्रानं मात्र काही विचारलं नाही, घेऊन टाकलं. लेकीचा क्रमांक १०००, माझा १००१.

संध्याकाळी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. पस्तीस वर्षं एका घरात काढली, पण हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता.

"आत्ती, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

त्यांचा हात सुपातच थांबला. "आता कशाला गं ते?" म्हणाल्या. थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, त्यांनी सांगितलं. मग तेच नाव स्वतःशीच पुन्हा एकदा म्हटलं.

लेकीला मी सांगून ठेवलंय, १००२ मोकळा ठेव.