रुबिकॉनची वाट आणि गाडीचा उंबरठा

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर जे अनवाणी चढले आहेत, त्यांना ग्रॅनाइट म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. ऊन चढले की तापणारा, पाऊस पडला की निसरडा होणारा आणि शतकानुशतके पावले झेलूनही न झिजल्यासारखा भासणारा तो खडक. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट थरावर थर रचून झालेला. ग्रॅनाइट मात्र एकसंध, गोलाकार, अखंड. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा ही पर्वतरांग प्रामुख्याने याच जातीच्या खडकाची आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी भूगर्भात थिजलेला हा खडक पुढे वर उचलला गेला. हिमयुगातील हिमनद्यांनी त्याला घासून गुळगुळीत केले आणि त्या वितळल्यावर मोठमोठे धोंडे जागोजाग मागे राहिले. या धोंड्यांमधून एक वाट जाते. तिचे नाव रुबिकॉन ट्रेल.

इटलीतील रुबिकॉन ही छोटी नदी इसवी सनपूर्व ४९ मध्ये ज्युलियस सीझरने ओलांडली आणि जणू परतीचे दोर कापले. त्याच नदीचे नाव कॅलिफोर्नियातील एका पहाडी नदीला लाभले आणि नदीवरून या वाटेला. जॉर्जटाउन या जुन्या गावाच्या पूर्वेस, लून लेक जलाशयाच्या परिसरातून ती डोंगरात शिरते व टाहो सरोवराच्या पश्चिम काठावरील टाहोमा गावापाशी उतरते. सुमारे ३५ किलोमीटरच्या या मार्गापैकी जवळजवळ २० किलोमीटरांचा भाग नावापुरताच रस्ता आहे. तेथे डांबर नाही, मुरूम नाही. आहेत ते केवळ धोंडे, खडकाचे तिरके उतार आणि मधूनच लागणारी निळी तळी.

ही वाट नेहमीच अशी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यावरील रुबिकॉन स्प्रिंग्ज येथील खनिजयुक्त झऱ्यांचे पाणी आरोग्यदायी मानले जाई. तेथे हॉटेल उभे राहिले आणि घोड्यांच्या गाड्यांतून पाहुणे येऊ लागले. १८८७ मध्ये एल डोराडो काउंटीने ही वाट सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केली. पुढे मोटारींचे चांगले रस्ते दुसरीकडून झाले, हॉटेल ओस पडले आणि हिमवर्षाव व पाण्याच्या लोटांनी रस्त्याची माती वाहून नेली. उरला तो उघडा खडक. १९५३ च्या ऑगस्टमध्ये मार्क स्मिथ व जॉर्जटाउनच्या काही उत्साही रहिवाशांनी ५५ जीपगाड्या आणि १५५ माणसे घेऊन ही वाट पार केली. त्या सहलीतून ‘जीपर्स जँबोरी’ हा वार्षिक उपक्रम रूढ झाला. २००३ पासून तर जीप कंपनीच्या रँग्लर गाडीची एक आवृत्ती याच वाटेच्या नावाने ओळखली जाते.

सॅन होजे–फ्रीमॉन्ट परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना टाहो सरोवर चांगले परिचित आहे. हिवाळ्यात बर्फ पाहायला आणि उन्हाळ्यात काठावर बसायला ती जातातच. त्यांपैकी एखादे कुटुंब या वाटेने सरोवरापर्यंत जाण्याचा बेत करते, असे डोळ्यांसमोर आणावे. वडील, आई आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी. दारात चारही चाकांना शक्ती पुरवणारी गाडी आहे, टायर नवे आहेत, उत्साह भरपूर आहे. तरीही जाणकार मंडळी प्रथम एकच प्रश्न विचारतात : “दाराखाली काय लावले आहे?”

या प्रश्नाचे कारण साधे आहे. गाडी धोंड्यावर चढते तेव्हा पुढचे चाक वर जाते आणि पलीकडे उतरते. मागचे चाक अजून अलीकडेच असते. दोन चाकांच्या मधला, दारांच्या खालचा भाग नेमका त्या क्षणी धोंड्यावर टेकतो. त्याला गाडीचा उंबरठाच म्हणता येईल. हा उंबरठा पातळ पत्र्याचा असतो. दोन टनांच्या गाडीचा भार त्यावर आला की तो चेपतो, आणि चेपला की दार चौकटीत अडकते. डोंगरात, गावापासून दूर, घरच्या माणसांना आत बसवून न उघडणारे दार ही केवळ खर्चाची बाब राहत नाही.

यावरचा उपाय म्हणजे रॉक स्लायडर. दिसायला ती पाय ठेवण्याची पायरी वाटते आणि येथेच अनेकांची फसगत होते. शोरूममधून गाडीसोबत मिळणारी शोभेची पायरी हलक्या पट्ट्यांवर टांगलेली असते. खडकावर टेकताच ती वर दुमडते आणि जो पत्रा वाचवायचा त्यातच घुसते. स्लायडर ही जाड पोलादी नळी किंवा चौकोनी पेटीसारखी तुळई असते. तीन-चार भक्कम पायांनी ती गाडीच्या चॅसिसला जोडलेली असते. गाडी तिच्यावर टेकावी, घसरावी, प्रसंगी तिच्यावरच वळावी आणि पत्र्याला खडकाचा स्पर्शही होऊ नये, एवढ्यासाठी ती आहे.

निवड करताना प्रथम गाडीची घडण पाहावी लागते. ज्या गाडीला शिडीसारखी स्वतंत्र चॅसिस असते, तिच्या चॅसिसलाच स्लायडर जोडणे उत्तम. ज्या गाडीचे अंग व सांगाडा एकच असतो, तिच्यात भार विभागणाऱ्या पट्ट्या घालून मजबुती द्यावी लागते. तशा गाडीने रुबिकॉनसारख्या वाटेच्या फंदात न पडलेलेच बरे. त्यानंतर पोलाद. सुमारे ४४ मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची नळी या कामी सर्रास वापरतात. साधी शिवण जोडलेली नळी स्वस्त पडते. तीच नळी थंड अवस्थेत साच्यातून ओढून काढली की अधिक काटेकोर व बळकट होते; ती महाग असली तरी खडकाळ वाटेसाठी तिलाच पसंती मिळते.

आकाराचाही विचार आहे. सपाट स्लायडरवर पाय ठेवून चढणे सोपे जाते, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना तो सोयीचा. बाहेरच्या बाजूला पंधरा-वीस अंश वर उचललेला स्लायडर खडकापासून अधिक अंतर राखतो. काहींच्या मागील टोकाला नळी थोडी बाहेर वळवलेली असते. धोंड्याला किंवा झाडाला टेकून वळताना ती गाडीची मागची बाजू दूर ढकलते. जोडीचे वजन ४५ ते ७० किलो भरते. हे ओझे कायमचे वाहायचे आहे, हे विसरून चालत नाही. म्हणून जेवढे जड तेवढे चांगले, हा हिशेब येथे खरा ठरत नाही.

बसवण्याचे काम घरच्या गॅरेजमध्येही होऊ शकते, परंतु घाईने होत नाही. गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकांना अडणी लावावी. जुनी पायरी काढून चॅसिसच्या कडेने जाणाऱ्या ब्रेकच्या, इंधनाच्या नळ्या आणि विजेच्या तारा कोठून जातात ते आधी पाहून घ्यावे. स्लायडर जॅक व लाकडी ठोकळ्यावर तोलून जागेवर आणावा. सर्व बोल्ट प्रथम केवळ हाताने फिरवावेत. मग पत्रा आणि स्लायडर यांत पुढे-मागे सारखी फट आहे ना, दार मोकळे उघडते ना, हे तपासावे. ही फट शोभेची नसते. गाडीचे अंग चॅसिसवर रबरी बैठकींवर टेकलेले असते आणि खडबडीत वाटेवर ते चॅसिसपेक्षा थोडे वेगळे हलते. फट नसेल तर स्लायडरच पत्र्याला घासेल. हे सारे जुळल्यावर मोजमापाच्या टॉर्क पान्याने बोल्ट घट्ट करावेत. शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यावर आणि पहिल्या खडकाळ प्रवासानंतर ते पुन्हा तपासावेत.

वेल्डिंग करून जोडलेला स्लायडर अधिक भक्कम होऊ शकतो. पण चुकीचे वेल्डिंग चॅसिसच दुबळी करते. त्यासाठी अनुभवी कारागीर हवा. बॅटरी सोडवून ठेवावी, रंग घासून चकचकीत धातू उघडा करावा, भार पसरवणारी पट्टी मध्ये घालावी, आधी ठिकठिकाणी टाके द्यावेत आणि मग आलटूनपालटून जोड पुरे करावेत. असे केल्याने उष्णतेने धातू वाकत नाही. इंधनाच्या नळ्या जवळ असताना आगप्रतिबंधक सिलिंडर हाताशी नसेल, तर काम सुरूच करू नये. रंगाच्या बाबतीत मात्र साधेपणा श्रेयस्कर ठरतो. भट्टीत भाजलेला पावडरचा लेप देखणा असतो, परंतु खडकाने त्याचा टवका उडाला की आतून गंज पसरतो. साधा रंग प्रत्येक सहलीनंतर घरीच पुन्हा लावता येतो.

या सगळ्या खटाटोपाला एक दुसरी बाजू आहे आणि ती वाटेच्या भवितव्याशी निगडित आहे. वाहनांची वर्दळ वाढली, तशी रुबिकॉनवर माती वाहू लागली, इंजिनाचे तेल सांडू लागले आणि मुक्कामाच्या जागी मानवी मैला साचू लागला. २००४ मध्ये याच कारणाने स्पायडर लेकचा परिसर मुक्कामासाठी बंद करावा लागला. २००९ मध्ये राज्याच्या प्रादेशिक जलगुणवत्ता मंडळाने काउंटी व वनविभाग यांना वाटेची स्वच्छता करण्याचा व गाळ रोखण्याचा आदेश दिला. वाट कायमची बंद होणार की काय, असा प्रश्न उभा राहिला. ती उघडी राहिली, त्यामागे प्रशासनाचे काम आहे आणि स्वयंसेवकांचे श्रमही आहेत. ओढ्यांवर पूल झाले, पाणी वळवण्याचे चर खोदले गेले, शौचालये उभारली गेली. आता प्रवासी सांडलेले तेल टिपण्याचे साहित्य आणि आपला मैला परत नेण्याच्या पिशव्या बरोबर बाळगतात.

स्लायडरचा याच्याशी संबंध काय? ज्या गाडीचा उंबरठा उघडा आहे, तिचा चालक धोंडा दिसताच बाजूला वळतो. बाजूला गवत असते, कोवळी झाडे असतात, ओली माती असते. एकाच्या चाकोरीतून दुसरा जातो आणि पाहता पाहता एका वाटेच्या तीन वाटा होतात. पुढच्या पावसात तीच माती ओढ्यात उतरते. ज्याच्या दाराखाली भक्कम पोलाद आहे, तो धोंड्यावरून जाऊ शकतो, कारण खडकाला टेकण्याची त्याला भीती उरत नाही. गाडीचे संरक्षण आणि भूमीचे संरक्षण येथे एकाच नळीवर येऊन टेकतात. अर्थात, स्लायडर इंजिनाच्या तेलपात्राचे रक्षण करत नाही. त्यासाठी वेगळे तळकवच लागते. पोलाद लावले म्हणून धोंड्यांवर आदळत सुटावे, असाही त्याचा अर्थ नाही.

आता ते कुटुंब वाटेवर आहे. लिटल स्लूस या अरुंद घळीत आई खाली उतरून पुढे उभी राहिली आहे. वाटाड्याचे काम तिच्याकडे आहे. हाताच्या खुणेने ती उजवे, डावे, थांबा असे सांगते. गाडीचा वेग माणसाच्या चालीहून कमी. डावे चाक उतरते आणि दाराखालून पोलाद व ग्रॅनाइट यांच्या घर्षणाचा दीर्घ, कर्कश आवाज येतो. मुलगी दचकून विचारते, “बाबा, काही मोडले का?” वडील ब्रेक दाबून आईकडे पाहतात. ती वाकून खाली बघते आणि अंगठा वर करते. पत्रा शाबूत आहे. गाडी नळीवरून वीतभर घसरते, मागचे चाक खडकाला धरते आणि घळ मागे पडते.

बहुतेक प्रवासी या वाटेला दोन दिवस देतात. बक आयलंड लेकचे पाणी मागे टाकून, बिग स्लूस उतरून ते सायंकाळी रुबिकॉन स्प्रिंग्जपाशी पोहोचतात. जेथे कधी काळी हॉटेल गजबजत होते, तेथे आता पाइनची झाडे आणि नदीचा आवाज एवढेच आहे. दुसऱ्या दिवशी कॅडिलॅक हिलचा खडा, वळणावळणांचा चढ लागतो. माथ्यावर थांबून मागे पाहिले की ज्या दरीतून वाट आली, ती सारी दरी एका दृष्टिक्षेपात मावते. एवढेसे अंतर कापायला दोन दिवस का लागले, याचे कोडे तेथे पडते. पुढे वाट सौम्य होत टाहो सरोवराकडे उतरते.

घरी परतल्यावर धुलाईत चिखल निघून जातो. स्लायडरच्या खालच्या अंगाला मात्र हातभर लांब चरा राहतो. पावसाळ्यापूर्वी तो घासून, प्राइमर लावून, वर काळ्या रंगाचा एक हात देणे हे मुलीचे काम ठरते. आत पाणी साचू नये म्हणून ठेवलेली नळीची छिद्रे मोकळी आहेत ना, हेही ती काडीने पाहते. मग टॉर्क पाना घेऊन वडील एकेक बोल्ट तपासतात आणि तिला मोजून सांगतात.