प्रार्थनेंतलें एक नांव

आमच्या घरीं दिवेलागणीला कौटुंबिक उपासना होई. 'उपासना संगीत' या पुस्तकांतलें एखादें गीत, शास्त्रांतला एक उतारा, आणि मग वडिलांची प्रार्थना. ते प्रत्येकाचें नांव घेऊन देवाजवळ बोलत. आत्याबाईंच्या संधिवातापासून माझ्या गणितापर्यंत कांहीं सुटत नसे. खरें सांगावयाचें तर, त्या लांबलचक यादींत मीं पुष्कळदा डुलक्या घेतल्या आहेत.

वडिलांमागून ती यादी माझ्याकडे आली. पुढें घराच्या वांटणीवरून धाकट्या भावाशीं बोलणें तुटलें, आणि 'सर्व आप्तांना आशीर्वाद दे' एवढ्यांतच मी त्याला लोटून देऊं लागलों. मोनिकेनें वर्षानुवर्षें प्रार्थना केली आणि इ. स. 387 मध्यें तिच्या मुलाचा, ऑगस्टिनाचा, बाप्तिस्मा झाला, ही हकीकत मंडळीपुढें आवेशानें सांगणारा तो मीच !

एके संध्याकाळीं 'आमेन'पूर्वीं धाकटी मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, काका राहिले."

मीं नांव घेतलें; पण पुढें काय मागावें तें सुचेना. त्याला काय हवें, काय दुखतें, यांतलें तीन वर्षांत मला कांहींच ठाऊक नव्हतें. दुसऱ्या दिवशीं तेवढें विचारण्यापुरतें मीं त्याला पत्र लिहावयास घेतलें.